सावकाशराव आणि घरगाडीच्या दोन बॅटऱ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पेट्रोल पंपाच्या मागच्या भिंतीला टेकून, एक पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. दारासमोर ओळीने मांडलेल्या जुन्या बॅटऱ्या हीच पाटी. आत पाऊल टाकलं की आधी आंबट वास नाकात शिरतो आणि मग हळूहळू कानाला एक बारीक आवाज जाणवतो. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांच्या पोटात बुडबुडे येत असतात. दूध वर यायच्या आधी पातेल्याच्या कडेला होते ना, तशी चुळबुळ. फळीवर खायच्या सोड्याचा मोठा डबा. अॅसिड सांडलं तर त्यावर टाकायला. पहिल्यांदा तो पाहून मला वाटलं होतं, गृहस्थ दुकानातच स्वयंपाक करतात की काय.

या शेडचे मालक म्हणजे सावकाशराव. हे नाव ट्रकवाल्यांनी ठेवलेलं. कुणी घाईने आत आलं की ते मान वर न करता म्हणणार, "सावकाश." एकदा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "अहो, मला संध्याकाळच्या आत पोचायचंय." तर हे म्हणाले, "पोचाल की. सावकाश बसा." ड्रायव्हर बसला, चहा प्याला आणि संध्याकाळच्या आत पोचला म्हणे.

वय साठीच्या पुढे, अंगाने किरकोळ, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. कपड्यांना जागोजागी बारीक भोकं. अॅसिडचा थेंब उडालेला दिवसभर कळत नाही, कापड धुवायला टाकलं की तिथं भोक पडतं. त्यांची बायको म्हणते, "मी शर्ट भिजवते आणि चाळण वाळत घालते."

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हत्यारांच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने ते पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात काहीबाही लिहितात. देवाचं नाव असेल असं मला वाटायचं. एकदा पाना काढताना दार सताड उघडं राहिलं तेव्हा मी वाचलं. 'पाना बॅटरीच्या दोन टोकांवर पडला. डाव्या हाताची अंगठी वितळली. अंगठी घालून काम नाही.' त्याखाली, 'चार्जिंगच्या आधी पाणी भरलं. सगळं उतू गेलं. आधी चार्जिंग, मग पाणी.' प्रत्येकापुढे तारीख.

"हे काय हो?" मी विचारलं.

"चुका," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या नाहीत, माझ्याच. रोज सकाळी दार उघडावंच लागतं, म्हणून तिथं."

"आणि गिऱ्हाइकानं वाचल्या तर?"

"वाचू दे. दुकान तरी बदलेल, नाहीतर विश्वास तरी ठेवेल."

तर असे हे सावकाशराव आमच्या घरात कसे आले, ते सांगते.

माझ्या धाकट्या दिराला गाड्यांचा नाद. लग्न केलं नाही, पण गाड्यांशी संसार मांडला. दोन वर्षांपूर्वी त्याने एका निवृत्त जोडप्याकडून त्यांची घरगाडी घेतली. लांबट व्हॅन, आत दोन झोपायच्या जागा, बोटभर ओटा, छोटा फ्रिज, दाराआड कोंबलेलं न्हाणीघर. सासूबाई पहिल्या दिवशी आत डोकावून म्हणाल्या, "कपाटाला चाकं लावलीत की काय?" पण दुसऱ्याच दिवशी दुपारी पाहते तर त्या आत आडव्या होऊन पडद्याची शिवण तपासत होत्या.

अशा गाडीत विजेचे दोन संसार असतात, हे मला तेव्हा कळलं. एक बॅटरी इंजिन सुरू करते. घरातले दिवे, पंखा, फ्रिज चालवायला दुसरी वेगळी असते, तिला घराची बॅटरी म्हणतात. ती गाडी चालताना भरते आणि थांबल्यावर छपरावरच्या सोलर पॅनेलवर भरते. आमच्या गाडीतली घराची बॅटरी जुनी होती. भावोजीनं गेल्या वर्षी नवी आणली आणि बसवायला सावकाशरावांना बोलावलं.

त्या दिवशी सासूबाई अंगणात खुर्ची टाकून मटार सोलत होत्या. सावकाशराव जुनी बॅटरी काढायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "बंद पडली आहे का ती?"

"बंद नाही मावशी. म्हातारी झाली आहे."

"म्हातारी झाली म्हणून काढायची? अजून दिवा लागतो की तिच्यावर. राहू दे नव्यासोबत. दोघी मिळून ओढतील."

सावकाशराव हातात पाना धरून क्षणभर थांबले. मला वाटलं, काही सांगणार. पण ते म्हणाले, "राहू दे मग." आणि त्यांनी दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवून एकमेकींना जोडल्या. सासूबाईंना इतका आनंद झाला की मुठीतले मटार त्यांनी सावकाशरावांसमोर धरले.

वर्षभर काही बिघडलं नाही, कारण वर्षभर आम्ही कुठं लांब गेलोच नाही. गाडी तलावापर्यंत जायची आणि परत यायची.

मग या वर्षी सासूबाईंच्या मोठ्या बहिणीचा निरोप आला. त्या पडल्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या होत्या. दोघींची नऊ वर्षांत भेट नाही. पूर्वी फोन तरी व्हायचे, पण मोठीला ऐकू येईनासं झालं तसे तेही थांबले. त्यांचं गाव तीन दिवसांच्या वाटेवर, डोंगरात, आणि थंडी वाढली की वरचा घाट बंद होतो. म्हणजे हाताशी दीड महिना. वसंतापर्यंत थांबू असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

सासूबाईंना विमान डॉक्टरांनी मना केलेलं. गुडघ्यांमुळे परक्या ठिकाणचे जिने नकोत, आणि दर दोन तासांनी आडवं व्हायला हवं. घरगाडी जणू त्यांच्यासाठीच घेतली होती. अडचण एकच. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, त्यामुळे नाकावर मास्क लावून, हवा ढकलणाऱ्या छोट्या मशीनवर झोपावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "प्रवास करा, पण मशीनशिवाय एक रात्रही नाही." बहिणीच्या गावातली वीज लहरी. तेव्हा सगळी मदार गाडीच्या बॅटऱ्यांवर.

आम्ही अंगणातच एक रात्र करून पाहिली. पहाटेच मशीन बंद पडलं. सासूबाई घुसमटून उठल्या, दिवसभर डोकं धरून बसल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच.

भावोजीनं कंबर कसली. म्हणजे खरेदी सुरू केली. छपरावर आणखी एक पॅनेल आलं. नवा चार्जर आला. करंगळीएवढ्या जाड वायरी आल्या. एका मोठ्या दुकानाचा माणूस येऊन इन्व्हर्टर बदलायला सांगून गेला, तोही बदलला. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीच्या विजेची घरातल्यासारखी वीज करून देणारा डबा. दुखणं पायाला आणि मलम कपाळाला. दर वेळी मीटरवर आकडा अगदी छान दिसे, आणि पहाटे पुन्हा ठणठणाट.

तिसऱ्या खेपेनंतर सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं. तुम्ही दोघं जाऊन तिला बघून या. माझ्याकडून शाल द्या."

शाल त्यांनी निरोप आला त्या दिवशीच धुऊन, घडी घालून ठेवली होती, हे मी पाहिलं होतं.

मी त्याच दुपारी शेडवर गेले. सावकाशरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या गाडीत घर कोण चालवतं?"

"भावोजींची गाडी आहे."

"गाडी त्यांची. दिवा कोण लावतं, पंखा कोण बंद करतं, फ्रिजचं दार किती वेळा उघडतं, हे कुणाला माहीत?"

"मला," मी म्हणाले.

"मग तुमच्याशी बोलायला येतो."

ते आले आणि कशालाही हात न लावता गाडीत तासभर बसून राहिले. भावोजीची घालमेल चाललेली. शेवटी न राहवून तो म्हणाला, "काका, मीटर तरी लावा."

"वैद्य आल्याआल्या पोट फाडतो का? सावकाश."

मी सांगत गेले, ते जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहीत गेले. कुठला दिवा किती वेळ. पंखा कधी. मशीनचं पाणी गरम होतं का. मशीनच्या हवेला ओलावा मिळावा म्हणून त्यात पाणी असतं आणि ते रात्रभर गरम राहतं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. "मशीन पितं घोटभर आणि हा गरम करणारा पितो तांब्याभर. डॉक्टरांना विचारा, गार पाण्यावर चालेल का." मग म्हणाले, "आणि इन्व्हर्टरमधून कशाला? तो दुभाषा आहे. मधे दुभाषा आला की थोडं सांडतंच. या मशीनला थेट बॅटरीवरची वायर मिळते."

मग एकेक स्विच बंद करून त्यांनी मीटर लावला. सगळं बंद, तरी काटा थोडा हललेला. पायरीखालचा दिवा कायम चालू निघाला. टीव्हीचा डबा झोपेतही वीज खात होता.

"भुरटे चोर," सावकाशराव म्हणाले.

"दिवा मीच लावला होता," भावोजी हळूच म्हणाला. "उतरताना छान दिसतो म्हणून."

"दिसतो ना. बघायला पहाटे जागं कोण असतं?"

डॉक्टरांनी गार पाण्याला हो म्हटलं. चोर पकडले. थेट वायर आली. आम्ही पुन्हा एक रात्र करून पाहिली. या वेळी मशीन दोन तास जास्त चाललं, पण उजाडायच्या आत थांबलंच. घाट बंद व्हायला जेमतेम अडीच आठवडे उरले होते.

बॅटऱ्या पुन्हा पुऱ्या भरल्यावर सावकाशराव दुपारी आले. त्यांनी दोन बॅटऱ्यांना जोडणारी वायर सोडली, दोघींना वेगळं केलं आणि झाकण लावून टाकलं. "उद्या याच वेळेला येतो. तोपर्यंत कुणी हात लावू नका."

"पण आकडा तर चांगला येतोय," भावोजी म्हणाला.

"दोघी एकमेकींना बांधलेल्या होत्या. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर असला की दोघींची उंची सारखीच दिसते. एकेकटं उभं केल्यावर कळेल."

तेव्हा मला वाटलं, त्यांना अंदाज आला आहे. कामातला माणूस काही नवीन सापडलं की जरा उजळतो. ते उजळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची एक नळी आणली. वर रबराचा फुगा, आत तरंगणारी काडी. बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यातलं पाणी त्यात ओढायचं आणि काडी किती वर तरंगते ते पाहायचं. कप्पा धडधाकट असला की काडी हिरव्या पट्ट्यात, थकला असला की तांबड्यात. "वहिनी, तुम्ही वाचा," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांना आज आवडेल तेच दिसेल."

आधी मीटर. भरलेली बॅटरी बारा पूर्णांक सहाच्या आसपास दाखवते, बाराच्या खाली गेली की संपली. नवी बॅटरी, बारा पूर्णांक चार. जुनी, अकरा पूर्णांक सहा. एका दिवसात, काहीही न जोडता, ती आपली आपण उतरली होती.

मग नळी. जुनीचा पहिला कप्पा, हिरवा. दुसरा, हिरवा. तिसरा, चौथा, पाचवा, हिरवे. सहाव्यात काडी तळाला बसली ती वर येईचना.

"तांबडा," मी म्हणाले.

"पुन्हा घ्या."

"तांबडाच."

त्यांनी नळी सोड्याच्या पाण्यात बुडवली, हात पुसले आणि सावकाश सांगितलं, "हा कप्पा भरत नाही. तो भरावा म्हणून जुनी रोज नवीकडून ओढत राहिली. वर्षभर. नवीचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. जुनीला नवी जोडायची नाही, हे मी शिकाऊ होतो तेव्हाच मला सांगितलेलं आहे."

भावोजी म्हणाला, "म्हणजे ती नवी बॅटरीच कंपनीनं कच्ची दिली असणार."

किती सोपं होतं त्यांना मान डोलावणं. आम्हा दोघांना कळलंही नसतं.

"कंपनीचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "जोडली मी. चूक माझी आहे."

आणि मग ते आम्हाला तिथंच सोडून थेट सासूबाईंकडे गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या. मी मागोमाग गेले, पण दारातच थांबले.

"मावशी, ती जुनी बॅटरी काढावी लागेल. तिच्यामुळेच तुमचं मशीन बंद पडतंय. मी तेव्हाच काढायला हवी होती."

सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. "मीच म्हटलं होतं ना राहू दे म्हणून?"

"तुम्ही म्हटलंत. पण तुम्हाला बॅटरीतलं काय कळतं? कळत होतं मला. तुमच्यासमोर म्हातारीला काढून टाका म्हणायची माझी जीभ वळली नाही."

"मग आता कशी वळली?"

"आता तुमची भेट अडली आहे."

सासूबाई जरा हसल्या. पण ते हसू लगेच विरलं. "म्हणजे जुनं झालं की नव्यावर भारच. ते शोषतच राहणार. खरंच आहे म्हणा. बघा ना, माझ्यासाठी ही सगळी किती पळतायत."

मी आत जाणार होते. पण सावकाशरावांनी समोरची खुर्ची ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"मावशी, मी चाळीस वर्षं बॅटऱ्या बघतोय. एकीलाही बहीण नव्हती. एकीनंही कुणासाठी शाल धुऊन ठेवली नाही. बॅटरीवरून माणसाचं गणित मांडायचं नसतं. मी मांडलं, म्हणून तर ही वेळ आली."

शालीचं मीच त्यांना शेडमध्ये बोलता बोलता सांगितलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हिच्या पोटात काही राहत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळल्या. "किती दिवस लागतील?"

"सहा. दोन्ही नव्या आणतो, एकाच दिवशी बनलेल्या. गेल्या वर्षीचीही नको आता, ती अर्धी थकली आहे."

"आणा. पण या वेळी मी मटार सोलत असले तर माझं काही ऐकू नका."

सहाव्या दिवशी बॅटऱ्या बसल्या. परीक्षा मात्र रात्री घ्यायला सावकाशराव तयार होईनात. "पुन्हा घुसमटायला नको त्यांना. दिवसा घेऊ, आपण सगळे जागे असताना." पण दिवसा ऊन, आणि ऊन म्हणजे छपरावरची पॅनेलं बॅटरी भरत राहणार. मग खरं कसं कळणार? तेव्हा माझ्या दोन जाड चादरी आणि कपड्यांचे चिमटे कामी आले. भावोजीनं शिडी लावून पॅनेलं झाकली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, गाडीला थंडी वाजते का?"

"ताप आहे," सावकाशराव गंभीरपणे म्हणाले. "घाम काढतोय."

सकाळी नऊला मशीन सुरू झालं. नुसतं चालू ठेवून भागलं असतं, पण सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या गादीला वारा घालून काय कळणार?" त्या मास्क लावून आडव्या झाल्या. फ्रिज चालू, पंखा चालू. सावकाशराव दाराशी स्टूल टाकून बसले. दर तासाला आकडा बघायचा, कागदावर लिहायचा. मी जेवण तिथंच नेलं. दुपारी वाऱ्याने एक चादर सुटली, तर हे साठी उलटलेले गृहस्थ माझ्या आधी शिडीवर. "उन्हाचा घोट जाऊ द्यायचा नाही तिच्या पोटात," म्हणाले. नेहमी सावकाश म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच धावताना पाहिला.

दोनच्या सुमारास आतून बारीक घोरणं ऐकू आलं. आम्ही तिघंही बोलायचे थांबलो.

संध्याकाळी पाचला आकडा होता बारा पूर्णांक पाच. त्यांनी मीटर दोनदा काढून दोनदा लावला. मग तो कागद घडी करून मला दिला, जणू माझंच प्रगतिपुस्तक. आत सासूबाई उठून बसल्या होत्या, गालावर मास्कच्या पट्ट्याचा वळ. त्यांनी विचारलं, "पहाट झाली का?"

"झाली," सावकाशराव म्हणाले. "निघा आता."

सासूबाई, भावोजी आणि मी दोन दिवसांनी निघालो. रोज सकाळी फोन करून आकडा सांगायचा, अशी त्यांची अट. पहिल्या सकाळी बारा-पाच. दुसऱ्या सकाळी बारा-पाच. घाट चढताना रस्त्याच्या कडेला दव गोठलेलं होतं. चौथ्या सकाळी मी सासूबाईंच्या बहिणीच्या अंगणातून फोन केला.

"बारा-चार. रात्री थंडी फार होती."

"थंडीत इतकं उतरतंच. काळजी नको." मग विचारलं, "ओळखलं का बहिणीनं?"

"ओळखलं. आधी दोन्ही हातांनी तोंड चाचपलं. मग म्हणाल्या, जाड झालीस. सासूबाई ओरडून सांगत होत्या, जाड नाही, मास्कचा वळ आहे. त्यांना कुठं ऐकू येतंय. अंगावर शाल घेऊन दोघी कालपासून भांडतायत, एकीला ऐकू येत नाही आणि दुसरी थांबत नाही."

पलीकडून बुडबुड्यांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी बॅटऱ्यांचं पाणी बघा. डिस्टिल्डच घाला. उकळून गाळलेलं नको, तुम्हा बायकांना उकळलं की सगळं शुद्ध वाटतं."

आम्ही चार दिवस राहिलो आणि घाट बंद व्हायच्या आदल्या दिवशी उतरलो. परतल्यावर मी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणायला शेडवर गेले. ते बाहेर एका टेम्पोखाली होते. "कपाटात आहे, घ्या," खालूनच म्हणाले. मी दार उघडलं. यादीच्या तळाशी नवी ओळ होती, रंग अजून ताजा: 'जुनीला नवी जोडली. माहीत असून. मावशींना नाही म्हणता आलं नाही.'

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या धुतलेल्या मास्कच्या नळ्या वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "निम्मी चूक माझी होती. त्याला सांग, तसं लिही म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी निरोप पोचवला. सावकाशरावांनी चष्म्याच्या काडीवरची तार घट्ट केली, थोडा विचार केला आणि म्हणाले, "सांगा त्यांना, या दारावर फक्त माझ्या चुका. मावशींनी आपलं दार बघावं."